मुंबई महापालिकेचे लेखापरीक्षण दरवर्षी ‘कॅग’कडे द्यावे का?

माहीमकर
मुंबई महापालिकेच्या कारभारावरचा ‘कॅग’चा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, विशेष लेखापरीक्षण अहवाल २५ मार्च २०२३ रोजी विधानसभेत मांडला गेला. सुमारे १२,००० कोटी रुपयांची कामे त्यात तपासली होती. त्यातील ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारनामाच झालेला नव्हता आणि २१४ कोटींची २० कामे निविदा न काढताच दिली गेली होती. करारनामा नसेल, तर काम निकृष्ट निघाल्यावर कंत्राटदाराला कोणत्या अटीखाली जबाबदार धरायचे? कोविडकाळातील सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रे तर साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांवर बोट ठेवून पालिकेने दाखवलीच नाहीत.

पालिकेला १८८८च्या अधिनियमानुसार स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक आहे. पण तो पालिकेचाच अधिकारी असतो आणि त्याचा अहवाल स्थायी समितीकडे जातो, म्हणजे ज्या समितीने खर्चाला मंजुरी दिली तिच्याकडेच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची जवळपास चार वर्षे ही समितीही नव्हती. तिचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच होते. म्हणून माझे म्हणणे असे की, ‘कॅग’कडून दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि ते कायद्यानेच बंधनकारक असावे.

मुलुंडकर
अहवालातील निष्कर्षांबद्दल माझा वाद नाही, मात्र ते लेखापरीक्षण ‘स्वतंत्र’ होते हे मला मान्य नाही. त्याचा कालावधी २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ असा होता. यातली पहिली तारीख उद्धव ठाकरे यांच्या शपथविधीची आहे आणि तपासणीची विनंती त्यांच्यानंतर आलेल्या सरकारने केली. परीक्षक स्वतंत्र असतीलही, पण कुठून कुठपर्यंत तपासायचे हे त्यांनी ठरवलेले नव्हते. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्य दिले ते मंत्रालयाच्या दारात हिशेबाच्या वह्या घेऊन उभे राहण्यासाठी नव्हे. ज्या पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, तिने आपल्या मुख्य लेखापरीक्षकाला पुरेसे मनुष्यबळ आणि अधिकार द्यावेत, आणि त्याचा अहवाल नगरसेवकांनी सभागृहात लावून धरावा, हाच मला योग्य मार्ग वाटतो.

माहीमकर
मुलुंडकर, तुमचा आक्षेप माझ्याच मागणीला बळ देतो. सरकारच्या विनंतीवर तपासणी अवलंबून असते म्हणूनच कालावधी निवडता येतो. ती दरवर्षी आपोआप होऊ लागली, की कोणाच्याही शपथविधीपासून मोजणी सुरू करता येणार नाही. घटनेच्या २४३-य अनुच्छेदाने लेखापरीक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळालाच दिला आहे, त्यामुळे हे काम एका कायद्याने होण्यासारखे आहे.

जुना हिशेबनीस
मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरी केली. एका उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची देयके तपासताना असे दिसले की, एकाच क्रमांकाचा टँकर एकाच दिवशी, एकाच वेळी गावाच्या दोन टोकांना खेप टाकत होता. अंतर्गत लेखापरीक्षकाने अर्धसमास, म्हणजे खुलासा मागणारी लेखी शंका, काढला. त्यावर ‘माहिती संकलित करून सादर करण्यात येईल’ असे उत्तर आले, आणि पुढच्या स्मरणपत्रालाही शब्दन् शब्द तेच उत्तर आले. त्या लेखापरीक्षकाचा गोपनीय अहवाल लिहिणारे साहेब तेच होते, ज्यांनी देयकावर सही केली होती. इथपर्यंत माहीमकरांचे म्हणणे मला पटते.

पण पुढे ऐका. नंतर बाहेरचे लेखापरीक्षण पथक आले, त्यांनाही ती खेप सापडली, त्या आक्षेपाचा परिच्छेद अहवालात छापला गेला, रक्कम वसूलपात्र ठरली. मी निवृत्त झालो तेव्हाही तो परिच्छेद अनुपालनाअभावी प्रलंबितच होता. दरम्यान तीन अधिकारी बदलून गेले होते आणि मूळ नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे हे सांगणारा माणूस कार्यालयात उरला नव्हता. तपासणारा कोण, यावर आपण तावातावाने बोलतो, पण आक्षेप निघाल्यावर किती दिवसांत वसुली करायची आणि नाही केली तर कोणाच्या पगारातून कापायची, हे जोवर ठरत नाही तोवर ‘कॅग’चा परिच्छेदही त्याच कपाटात जाईल.

लंडनवासी
इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी पडेल. येथील नगरपालिकांच्या लेखापरीक्षणावर देखरेख करणारा ऑडिट कमिशन हा स्वतंत्र आयोग २०१५ साली बंद झाला आणि काम पूर्णपणे खासगी संस्थांकडे गेले. ३० सप्टेंबर २०२३च्या मुदतीपर्यंत जेमतेम एक टक्का स्थानिक संस्थांचे मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध झाले होते. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या पालिकेने आपल्याकडे खर्चापुरता पैसा नसल्याची नोटीस काढली. म्हणून यंत्रणा मोडणे सोपे असते, हे आधी लक्षात घ्या. मात्र एक गोष्ट येथे टिकून आहे: कोणाही मतदाराला दरवर्षी तीस कार्यालयीन दिवस पालिकेचे हिशेब व पावत्या पाहता येतात आणि लेखापरीक्षकाकडे थेट हरकत नोंदवता येते. मुंबईकराला असा हक्क का नसावा?

मुलुंडकर
हा हक्क मात्र मला मनापासून हवा आहे, कारण तो नागरिकाकडे राहतो, मंत्रालयाकडे जात नाही. हिशेबनीसांचा मुद्दाही मला पटला. तरी माहीमकरांना एक विचारतो. ‘कॅग’चा अहवाल विधिमंडळात जाणार आणि त्यावर आमदार बोलणार, मग माझ्या प्रभागातल्या नाल्याच्या गाळाची मोजमाप पुस्तिका चुकीची असेल, तर मी निवडून दिलेल्या नगरसेवकाला त्याबद्दल जाब विचारण्याची जागा कोणती? तो अहवाल आधी महापालिकेच्या सभागृहात ठेवायचा आणि त्यावर तिथे मुदतीत चर्चा व्हायची, अशी तरतूद तुमच्या कायद्यात असेल, तर मी माझा विरोध मागे घेईन.

माहीमकर
ती तरतूद असलीच पाहिजे. माझ्या मागणीत ती नव्हती, ही उणीव मला मान्य आहे.