पाचवीची शिष्यवृत्ती: गणिताची उजळणी कुठून सुरू करावी?

पाचवीची_आई
मुलगी यंदा शिष्यवृत्तीला बसतेय. पहिल्या पेपरात गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण, आणि भाषेसकट वेळ दीड तास. पाढे चोख आहेत, तरी भागाकार, शून्यं असलेली वजाबाकी आणि कोन मोजणं यात हमखास गुण जातात. पुस्तक पहिल्या धड्यापासून परत घ्यावं का? रोज जेमतेम पाऊण तास मिळतो.

खडू_फळा
पहिल्या धड्यापासून नको ताई, परीक्षा येईल तरी संख्याज्ञानातच अडकून पडाल. तिची चुकलेली गणितं काढा आणि नेमकं कोणतं चूक उत्तर आलंय ते बघा. ५००३ − १८४७ चं उत्तर ३२६६ आलं असेल, तर तिने हजार सुटा केला पण मधल्या दोन्ही शून्यांचे १० धरले. शतकातला एक दशकाला आणि दशकातला एक एककाला द्यावा लागतो, म्हणून तिथे ९-९ उरतात. वरची ओळ ४, ९, ९, १३ अशी लिहायला लावा. उत्तर ३१५६.

भागाकारात ३६१८ ÷ ६ = ६३ येत असेल, तर खाली घेतलेल्या १ ला ६ ने भाग जात नाही, तिथे भागाकारात शून्य मांडायचं राहिलंय. भाग घालण्याआधीच उत्तर किती अंकी ते ठरवू द्या. पहिला भाग ३६ शतकांना लागतो, म्हणजे शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखायची. रिकामं घर लगेच डोळ्यांत भरतं. उत्तर ६०३. शेवटी ताळा: भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. हा ताळा मुलं हटकून टाळतात, पण पर्यायी प्रश्नांत तोच सगळ्यात स्वस्त पडतो.

आकडेमोड
वजाबाकीत आणखी सोपं: दोन्ही संख्यांतून ४ कमी करा. ४९९९ − १८४३. काही सुटं करायलाच नको.

खडू_फळा
युक्ती बरोबर आहे, पण घरांची देवाणघेवाण पक्की झाल्यावरच द्या. नाहीतर मुलं एकीतून ४ वजा करतात आणि दुसरीत मिळवतात.

कंपासपेटी
कोनाचं सांगतो. बऱ्याच कोनमापकांची शून्याची रेघ प्लास्टिकच्या कडेवर नसते, थोडी वर असते. कड भुजेवर ठेवली की माप चुकलंच. मध्यबिंदू शिरोबिंदूवर, शून्याची रेघ भुजेवर, आणि ती भुजा ज्या ० वर आहे तिथून सुरू होणारेच आकडे वाचायचे. ६० चे १२० होतात ते दुसऱ्या ओळीतले आकडे वाचल्यामुळे. मोजण्याआधी गुण्याचा काटकोन लावून लघुकोन की विशालकोन ते तोंडाने म्हणवून घ्या. भुजा आखूड असेल तर पट्टीने वाढवा, कोन बदलत नाही.

परिमिती-क्षेत्रफळाचा घोळही असणारच. चौकटीच्या वहीत परिमिती २४ सेमी ठेवून आयत काढायला सांगा: ११×१, १०×२, ८×४, ६×६. क्षेत्रफळं ११, २०, ३२, ३६ चौसेमी. कड तेवढीच, आतली जागा वेगळी, हे एकदा मोजलं की सूत्रांची अदलाबदल बरीच थांबते. १ चौमी म्हणजे १०० चौसेमी लिहिते का तेही तपासा. १०० × १००, म्हणजे १०,००० हवेत.

पाचवीची_आई
हो, १०० च लिहिते! आणि ३ मी ५ सेमीचे ३५ सेमी करते.

खडू_फळा
मग अपूर्णांकांआधी एकक रूपांतर घ्या. ३०० + ५ = ३०५ अशी मधली पायरी लिहायला लावा, थेट उत्तर नको. ३ किलो ५० ग्रॅमला तीच चूक होते, तिथे ३०५० हवेत.

कंपासपेटी
पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर १ वर लावून मोजू द्या, पण शेवटच्या आकड्यातून १ वजा करायला विसरतात.