मदत हवी आहे : थंडीपूर्वी डिझेल गाडीची तयारी

सप्रेम नमस्कार. मी परभणीला राहतो आणि माझ्याकडे नऊ वर्षांची डिझेल गाडी आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे पहाटेचा पारा झपाट्याने उतरतो, काही हिवाळ्यांत तर तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. आणि दर पंधरवड्याला आईला तपासणीसाठी पहाटे साडेचारला छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागत असल्याने गाडी ऐन वेळी अडून चालणार नाही.

गेल्या जानेवारीत तीन वेळा सेल्फ मारल्यावर इंजिन सुरू झाले आणि मागून पांढरा धूर आला. बॅटरी चार वर्षांची आहे. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, ती मी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने साफ केली. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर मीटरवर १२.२ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना मात्र १४.२ मिळतात, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक असावा. एक मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतात, दुसरे हीटर प्लगकडे (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे प्लग) बोट दाखवतात. धुरामुळे मला दुसरे म्हणणे अधिक पटते, तरी आधी नेमके काय तपासावे?

रेडिएटरमध्ये दोन वर्षे बोअरचेच पाणी पडत आले, आणि आपल्या भागातील जड पाण्याने आत क्षार धरले असतील, याची मला खरी काळजी आहे. फ्लश करून कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे का?

जिंतूर-मंठा रस्त्यावर पहाटे उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांविना चालतात. धुक्यात पिवळे फॉग लॅम्प वापरणाऱ्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा.