घाटासाठी पुढचं स्प्रॉकेट एक दाता कमी: शहाणपणा की नसता उद्योग?

यवतेश्वरचा गडी: माझं मत सरळ आहे. सातारकरानं १००-१२५ सीसीच्या मोटरसायकलला पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दाता कमीच टाकावं. पुढं १४ आणि मागं ४२ दाते असतील तर १३-४२. कंपनी गाडी काढते ती अख्ख्या देशासाठी, आणि गिऱ्हाईक पहिलं ॲव्हरेज विचारतं. आपल्याला यवतेश्वरचा घाट चढायचा असतो, तोही डबलसीट, मागं पिशव्या. दुसऱ्यात इंजिन बोंबलतं, तिसरा टाकावा तर वळणातनं बाहेर पडताना गाडी गचके खाते. १३ टाकलं की तोच तिसरा ओढतो.

कराड अप-डाऊन: आणि हायवेला काय करणार भावा? ४२ भागिले १४ म्हणजे ३. ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३. ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ६००० फेरे (आरपीएम) फिरत होतं, तिथं आता ६४६० च्या आसपास फिरणार. साताऱ्याहून कराड पन्नासेक किलोमीटर. तेवढा वेळ हँडल झिणझिणणार, पायाला मुंग्या येणार, पेट्रोल वर जाणार. चार वळणांसाठी रोज गाडीचा जीव काढायचा? घाटात दुसरा टाका की गपगुमान. गिअर कशाला दिलेत?

यवतेश्वरचा गडी: दुसराच बोंबलतो म्हणून तर लिहिलं ना वर! वाचत जावा जरा.

काळे हात: गॅरेज आहे माझं, म्हणून बोलतो. दाते बदलून इंजिनाची ताकद कणभरही वाढत नाही. मागच्या चाकाला जोर साडेसात टक्क्यांच्या आसपास जास्त मिळतो आणि त्याच आरपीएमला वेग त्या हिशेबात घटतो, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्यातली फट आहे तेवढीच राहते, शिडीच्या पायऱ्या तशाच ठेवून अख्खी शिडी खाली सरकवल्यागत. जिथं तिसरा मरत होता तिथं ओढेल. पण जिथं दुसरा बरोबर बसत होता, तिथं तो आता बोंबलेल. कुठल्या वळणाला जास्त त्रास होतो ते बघून ठरवा.

दुसरं, पुढचं जितकं लहान तितकी चेनची कडी त्यावरनं जास्त वाकते आणि लवकर झिजते. त्यापेक्षा मागं ४५ मिळत असेल तर ते टाका. ४५ भागिले १४ म्हणजे ३.२१, जवळपास तेच. फक्त चेनला दीड कडी जास्त लागते. कडी १२.७ मिलिमीटरची असेल तर जुन्याच चेनला मागचा एक्सल साडेनऊ मिलिमीटर पुढं घ्यावा लागेल. चेन जुनी ताणलेली असेल तर ॲडजस्टरला तेवढी जागा असते, पण जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवायचंच नाही. मग नवी चेन दोन कड्या लांब घ्या.

पाचगणी फाटा: मी उलटं केलंय, पुढं १५ टाकलंय. वाटलं होतं टॉप स्पीड वाढेल. कसलं काय! शेवटच्या गिअरला समोरून वारा असला की गाडी आधीपेक्षा हळू. आता वारा असला की एक गिअर खाली घेऊनच चालवतो. पण ५०-५५ ला लय गार चालते, काढणार नाही.

काळे हात: बरोबर आहे. छोटं इंजिन वाऱ्याला कापायला कमी पडतं, मग दाते वाढवून टॉप कुठनं येणार? १५ बसवल्यावर पुढचं कव्हर घासत नाही ना, तेवढं बघा.

कराड अप-डाऊन: आणि स्पीडोमीटर? तो चुकीचा दाखवणार ते कोणी बोलतच नाही.

काळे हात: केबल पुढच्या चाकातनं असेल तर फरक पडत नाही. सेन्सर गिअरबॉक्सकडं असेल तर १३ वर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल. किलोमीटरही जास्त पडतील, मग ॲव्हरेज फुगवून सांगत बसू नका.

कराड अप-डाऊन: म्हणजे वेगही खोटा, ॲव्हरेजही खोटं. एवढं करण्यापेक्षा १५० सीसी घ्या की राव.

यवतेश्वरचा गडी: पैसे तुम्ही देताय का? माझी केबल पुढच्या चाकातनंच आहे. रविवारी १३ बसवतोय, ४५ आमच्या गाडीला मिळत नाही. काळे हात, १३ ला चेनची जागा तरी पुरेल ना?

काळे हात: पुरंल. अर्धीच कडी ढिली होईल, एक्सल तीनेक मिलिमीटर मागं घ्या. पण चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबराला घासते का ते रिकाम्या गाडीवरही बघा आणि डबलसीट बसवूनही बघा.