इनक्युबेटरच्या तळाशी काय अंथरू? मागच्या खेपेला दोन पिल्लांचे पाय फाकले

कोंबडीवेडी:
उद्या यंत्रात उबवायला ठेवलेल्या माझ्या कोंबडीच्या अंड्यांचा १८ वा दिवस. फिरवणारा ट्रे काढायचा, ओलावा वाढवायचा, झाकण लावून हात आवरायचा, इथवर पाठ आहे. अडलंय ते तळापाशी. मागच्या खेपेला साफसफाई सोपी पडावी म्हणून वर्तमानपत्र अंथरलं होतं. ११ पिल्लं निघाली, त्यातल्या दोघांचे पाय दोन बाजूंना फाकलेले. पोटावर सरपटायची बिचारी. एक सावरलं, दुसरं नाही. आता कागद नको एवढं नक्की. मग प्लास्टिकचा तळ उघडाच ठेवू की जुन्या टॉवेलचा तुकडा घालू?

जुनंखुराडं:
ताई, उघडा प्लास्टिकचा तळ म्हणजे कागदाचाच सख्खा भाऊ. टरफलातून निघालेलं पिल्लू ओलं असतं, दमलेलं असतं, आणि त्याच अवस्थेत उभं राहायला धडपडतं. पंजाला पकड मिळाली नाही की पाय बाहेर सरकतात, पुन्हापुन्हा सरकतात, आणि मग तीच सवय होऊन बसते.
टॉवेलही नको. त्याच्या फाशांत नखं अडकतात. एका पिल्लाच्या पायाला सुटा धागा गुंडाळला गेला होता, तो मी नखकात्रीने कापत बसलो होतो. पाय सुजला होता, हात थरथरत होते (माझे).
कपाटाच्या फळीवर घालतात ती मऊ, बारीक भोकांची रबरी मॅट घ्या. आजच धुऊन वाळवा. नवीला वास असतो, तो ऊब लागली की वाढतो. मॅटमुळे अंडीही जागची हलत नाहीत. नाहीतर आधी निघालेली पिल्लं उरलेल्या अंड्यांचा फुटबॉल करतात. हवेची भोकं तेवढी झाकू नका.

रातपाळी:
ओलाव्यासाठीचं पाणी कुठे ठेवता? तळातच पन्हळ असेल तर तिच्यावर जाळी हवीच, पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. जाळीची कापलेली टोकं खाली दुमडा, बेंबी अजून ओली असते. भुसा नको, पिल्लू त्यात चोच मारतं.
आणखी एक. तुमच्या यंत्राला पंखा नसेल तर मॅट घातल्यावर थर्मामीटर पुन्हा अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर आणा. बिनपंख्याच्या यंत्रात वरची हवा जास्त गरम असते, तिथे ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात. पंख्याच्या यंत्रात सगळीकडे ३७.५.

कोंबडीवेडी:
पंखा आहे, पन्हळही आहे. मॅट मिळाली, धुऊन दोरीवर टाकलीय. आता शंका अशी, की पिल्लं निघाली की ती घाण करणारच. मधेच उघडून मॅट बदलू का?

जुनंखुराडं:
अजिबात नको! झाकण उघडलं की ओलावा पळतो आणि अर्धवट टोचलेल्या अंड्यातलं पातळ कातडं वाळून पिल्लाला चिकटतं. घाण राहू द्या. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. वाळून फुललेली सगळी एकदमच बाहेर काढा, मॅट तेव्हा धुवा.
आणि तरीही एखाद्याचे पाय फाकलेच तर त्याच दिवशी चिकटपट्टीची अरुंद पट्टी दोन्ही पायांना सैलसर बांधा, मधे नेहमीच्या उभ्या पवित्र्याएवढं अंतर ठेवून. मागच्या वेळी सावरलेल्याला काय केलं होतंत?

कोंबडीवेडी:
हेच. दुसऱ्याला बांधायला मी तीन दिवस उशीर केला. मॅट वाळली, कापायला घेते.