मिरज : काळी माती, ४० × ६०चा प्लॉट, मधोमध चौक. सल्ला हवा

ओसरी : रस्ता पूर्वेला. दक्षिणेची बाजू दुमजली, बाकी सगळं बैठं. मधे उघडा चौक : उत्तर-दक्षिण १२ फूट, पूर्व-पश्चिम १४. त्यात एक झाड. हिवाळ्यात ऊन येईल का? वळवाचं पाणी तुंबेल का? वर पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे) टाकावं का?

काटकोन : या नकाशात नाही येणार. डिसेंबरअखेर तिकडे भर दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ५० अंशांवर असतो. २० फुटी भिंतीची सावली १७ फूट पडते, चौक तुमचा १२. वरचा मजला उत्तरेला न्या. दक्षिणेला १० फूट उंचीवर स्लॅब धरला तरी ३ फुटी कठड्यामुळे सावली ११ फूट होते. तिथे विटांचा कठडा नको, लोखंडी रेलिंग करा. सावली साडेआठ फुटांवर येईल. उत्तरेची भिंत पांढरी ठेवा, ती चौकात उजेड परतवते.

नळजोड : चौक ओसरीपेक्षा ६ इंच खाली. शहाबादी फरशीला ८० फुटांना १ फूट उतार, याहून कमी दिलात तर डबकी. चारी छपरं आत उतरत असतील तर चौकाचं क्षेत्रफळ धरू नका, छपरांचं धरा. ६० चौ. मी.वर तासाला १०० मि.मी.चा सपाटा आला तर मिनिटाला १०० लिटर होतात. ११० मि.मी.चा एक पाइप ते ओढतो, पण पानांनी जाळी बुजली की संपलं. म्हणून दोन कोपऱ्यांत दोन. जोत्याखालून सरळ न्या, चेंबर बाहेर. सांडपाण्याच्या लाइनीला जोडू नका : उन्हाळ्यात ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं) पाणी आटतं आणि वास, झुरळं थेट घरात.

ओसरी : झाड कुठलं?

मुळाक्षर : काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. एवढ्या चौकात झाड घराच्या पायापासून फार तर ६ फुटांवर, त्यामुळे उंबर, रबर बाद. कढीलिंबही नको, मुळांतून फुटवे काढत बसाल. पांढरा चाफा लावा. थंडीत पानं गाळतो, ऊन अडत नाही. ३ फुटी खड्डा, बाजूंना विटा, तळ मोकळा, आत लाल माती आणि शेणखत. पाइपने पाणी सोडू नका, ठिबक पुरे.

काटकोन : पॉलिकार्बोनेट टाळाच, चौकातून वर जाणारी गरम हवा कोंडते. घालायचंच तर स्लॅबच्या दीड फूट वर, चारी बाजू उघड्या. चोरांसाठी ४ इंची अंतराचे गज, गॅल्व्हनाइज केलेले.