४५०० रुपयात मूल सांभाळतात की नुसतं बसवून ठेवतात? (इंदिरानगर, नाशिक)

अर्धी_पोळी (धागा सुरू केला)
मुलगी दुसरीत आहे. मी सातपूरला, नवरा सिन्नरला नोकरीला, घरी तिसरं कोणी नाही. दीडला शाळा सुटली की व्हॅनवाले काका तिला इंदिरानगरात एका आफ्टर स्कूल क्लबला सोडतात, नाव क्लब पण आहे पाळणाघरच, महिन्याला ४५०० आणि खाऊचे ५०० वेगळे, संध्याकाळी ७ पर्यंत. अॅडमिशनच्या वेळी दिलेल्या कागदावर अबॅकस, श्लोक, झुंबा सगळं होतं.
गेल्या बुधवारी लवकर सुटले म्हणून साडेचारलाच गेले. दाराबाहेर चपला-बुटांचे २३ जोड (मोजले मी), आत टीव्हीवर कार्टून, काकू स्वयंपाकघरात भाजी निवडतायत, मदतीची मुलगी मोबाईलमध्ये. मी आत गेले, लेकीला उचललं, दप्तर घेतलं, बाहेर आले, तुम्ही कोण म्हणून कोणी विचारलं नाही!! जिना उतरून खाली आल्यावर मीच परत वर जाऊन सांगितलं की हिला नेतेय.
आणि खरी गोष्ट पुढे आहे. पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच होती. का गं प्यायली नाहीस विचारलं तर म्हणे पाणी प्यायलं की शूला लागते आणि तिथल्या बाथरूमला आतून कडी लागत नाही, पाचवीतली मुलं दार ढकलून हसतात. म्हणून ही पोरगी दुपारभर पाणीच पीत नाही. वर्षभरात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, डॉक्टर विचारत होते पाणी कमी पिते का, आणि मी छातीठोक सांगत होते की नाही हो, मोठी बाटली देते रोज.
अजून एक, होमवर्कच्या वहीत अक्षर काकूंचं आहे. फार सुंदर आहे, शिरोरेषा एकदम सरळ.
सगळीकडे असंच असतं का, की माझ्याच अपेक्षा जास्त आहेत?

मिसळ_कमी_तिखट
ताई राग येईल पण हिशेब करा. साडेपाच तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे तासाला जेमतेम ३३ रुपये. कॉलेज रोडला एवढ्यात अर्धी मिसळ येत नाही आणि तुम्हाला अबॅकस, झुंबा आणि दारावर वॉचमन पाहिजे.

अर्धी_पोळी
झुंबा त्यांनीच लिहिलाय दादा, मी मागितला नव्हता. मला कडी पाहिजे. कडी शंभर रुपयाला मिळते.

रोहाऊसवाली_काकू
माझं स्वतःचं पाळणाघर आहे नाशिकरोडला, १४ वर्षं झाली, म्हणून लिहिते. माझ्याकडे १८ मुलं, ४००० प्रमाणे ७२ हजार येतात, तेही सगळ्यांनी वेळेवर दिले तर. रो हाऊसचं भाडं २० हजार, कारण फ्लॅटमध्ये सोसायटी आवाजावरून भांडते. दोन मावश्या २० हजार, खाणं आणि गॅस १३, लाईट, फिनेल, वह्या-रंग मिळून ५. उरले १४ हजार, त्यात मी सकाळी ७ ते रात्री ८. एप्रिल-मेमध्ये पोरं मामाच्या गावाला जातात तेव्हा अर्धे पालक म्हणतात मूल आलंच नाही तर पैसे कसले, घरमालक मात्र असं कधी म्हणत नाही.
पालकांचंही ऐका. सकाळी तापाचं औषध पाजून पाठवतात, ११ ला औषध उतरतं आणि पोर माझ्या मांडीवर फणफणतं, फोन केला तर मीटिंगमध्ये. होमवर्क संपवूनच पाठवा हेही आयाच सांगतात, घरी आल्यावर आम्हाला कटकट नको म्हणून. तुम्ही सांगितलं नसेल, पण २३ मधल्या १५ जणींनी सांगितलं असणार, मग काकू सगळ्यांचंच उरकते.
टीव्ही मीही लावते, ५ ते ६, लपवत नाही. पण कडीचं ऐकून मलाच लाज वाटली. ते पैशाचं काम नाहीये. मुलं-मुली एकत्र असली की शूला जाताना एक मावशी बाहेर उभी राहते, एवढं साधं आहे. आणि न विचारता मूल नेऊ देणं, त्याला माझ्याकडे माफी नाही, सख्खा मामा आला तरी आधी आईला फोन लावते मी, दोन मामा रुसून बसलेत.

फर्स्ट_शिफ्ट
अंबडला आहे, बायको पण. चौथीपर्यंतच्या शाळा ९ च्या आत भरवू नका असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं, पोरांच्या झोपेसाठी. चांगलंय, पण कंपनीची शिफ्ट ७ लाच लागते ना भो. मग आमचं पोरगं सव्वासहाला अर्धवट झोपेत काकूंकडे, तिथून शाळा, शाळेतून परत काकूंकडे. वाचलेली झोप तो काकूंच्या सतरंजीवर काढतो. काकू त्याला साडेआठला उठवून, केस विंचरून, दूधपोळी देऊन पाठवतात, शिकवत काहीच नाहीत आणि मला काही नको. तुम्ही लोक अॅक्टिव्हिटी मागता म्हणून ते फी वाढवतात.

कायद्याचं_बोला
कायद्यात मोठं भोक आहे इथे. २०१७ च्या मॅटर्निटी बेनिफिट (बाळंतपणाच्या रजेच्या) कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सांगितली, २०१८ ला केंद्राच्या गाइडलाईन्स आल्या, त्यात ३ वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, त्याहून मोठ्या २० मुलांमागे एक. पण ते सगळं ६ वर्षांपर्यंतच. तुमची मुलगी ७ ची असेल तर ती त्यात बसतच नाही. अंगणवाडीसुद्धा ६ पर्यंतच. म्हणजे सातव्या वर्षी मूल एकदम मोठं झालं असं सगळ्यांनी धरलंय.

गंगाघाट_७७
पूर्वी आया घरी असायच्या, हे प्रश्नच नव्हते.

अर्धी_पोळी
हिचा बाप पण आहे, सिन्नरला. त्याला घरी बसायला सांगू का?

मिसळ_कमी_तिखट
एवढी काळजी आहे तर कॅमेरावालं बघा, मोबाईलवर लाईव्ह दिसतं.

रोहाऊसवाली_काकू
नको रे बाबा. एकाने लावला होता आमच्या लेनमध्ये, दिवसभर फोन, माझ्या बाळाने वरण का टाकलं, तो निळा शर्टवाला त्याच्या शेजारी का बसला. आणि २०१६ ला खारघरला पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली तिथे कॅमेरा होताच की. मारल्यानंतर दिसलं. तेव्हा खोलीत दुसरं कोणी मोठं माणूस असतं तर पोराला मार बसला नसता.

मिसळ_कमी_तिखट
तरी पुरावा तरी मिळाला ना. कॅमेरा नसता तर बाळ पडलं म्हणून सांगितलं असतं. मुलं घाबरतात, बोलत नाहीत. ताईंची मुलगी वर्षभर बोलली का?

अर्धी_पोळी
नाही बोलली. हे बरोबर आहे तुमचं.
अपडेट देते. शनिवारी जाऊन बोलले. काकू आधी चिडल्या, मग रडल्या, मग त्याच दिवशी सुतार बोलावून कडी बसवली, मुलींचा हात पोचेल अशी खाली. सोमवारी बाटली रिकामी आली घरी!! कोण कधी नेतं त्याची वही ठेवा म्हटलं तर मात्र ठाम नाही, सगळ्या आया माझ्या ओळखीच्या आहेत म्हणे. मला बुधवारी कोणी ओळखलं नव्हतं. त्यामुळे दुसरं शोधतेय, लेखानगर ते पाथर्डी फाटा कुठेही चालेल.

मिसळ_कमी_तिखट
राणेनगरला बहिणीची मुलं जातात. १४ पोरं, तीन बायका, सहीशिवाय सोडत नाहीत. ७५०० घेतात. पण साडेसहाला दार बंद, पुढे दर १५ मिनिटाला १०० रुपये.

अर्धी_पोळी
सहाला सुटून साडेसहाला राणेनगर? मधे हायवेखालचा इंदिरानगरचा बोगदा आहे हो दादा, तिथलं ट्रॅफिक?