पळून झाल्यावर काय पाहिलंत? अनुभव लिहा

परवा कपाट आवरताना मेडलांच्या गुंत्यात एका चित्रप्रदर्शनाचं कार्ड सापडलं. त्याच्या पाठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : "खुर्चीबद्दल आभार." तेव्हा द्यायचं राहिलं, म्हणून त्या खुर्चीची गोष्ट इथे सांगतो.

मुंबई मॅरेथॉन, जानेवारीतला तिसरा रविवार. माझी अर्धीच, २१.१ किलोमीटरची. माहीमहून पहाटे सुटलो, सी लिंकवर वारा लागला तोवर सगळं छान होतं, मग पेडर रोडच्या चढाने जे करायचं ते केलं. पूर्ण ४२ पळणाऱ्यांच्या वाट्याला तो चढ पस्तीसच्या पुढे येतो, तेव्हा आम्ही फार बोलू नये. आठच्या आत सीएसएमटीला पोचलो. बाकीचे इडल्या शोधायला पांगले. मला मात्र जहांगीरमध्ये एका जलरंगवाल्याचं प्रदर्शन बघायचं होतं, ते दुसऱ्याच दिवशी संपणार होतं. गॅलरी उघडते अकराला. म्हणजे तीन तास काढायचे, तेही अशा पायांनी.

हुतात्मा चौकातून रखडत काळ्या घोड्यापाशी जाऊन बसलो. मूळ पुतळ्यात घोड्यावर सातवा एडवर्ड होता. तो १९६५मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. २०१७मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वारच नाही. त्या दिवशी मला त्या घोड्याचा फार हेवा वाटला.

अकरा वाजता आत शिरलो तो अर्ध्या चड्डीत, छातीवर नंबर तसाच, अंगाला बामाचा वास. दुसऱ्याच चित्रासमोर पोटरीत पेटका आला आणि मी सरळ फरशीवर बसलो. चित्रकार साठीचे असतील. स्वतःची खुर्ची उचलून आणली. म्हणाले, "बसा. नंबर लावलाय म्हणजे तुम्हीही प्रदर्शनातलेच."

वीस मिनिटं एकाच चित्रासमोर बसलो, उठताच येत नव्हतं. नदीचा घाट, दुपार, दोन बायका धुणं धुताहेत. उभ्याने बघितलं असतं तर "वा, काय ऊन पकडलंय" म्हणून पुढे गेलो असतो. बसल्यावर दिसलं की पायऱ्यांवरचं ते ऊन म्हणजे रंगच नाही, नुसता कोरा कागद सोडलाय. विचारलं तर म्हणाले, "ते आधीच ठरवायला लागतं. कागद एकदा रंगला की मग तसं पांढरं परत मिळत नाही."

तर असे दिवस लिहा. पळणं, चालणं, सायकल, डोंगर, काहीही. त्याच दिवशी पाहिलेलं चित्र, शिल्प, ऐकलेलं गाणं. टायमिंग लिहिलं नाहीत तरी चालेल.

* * *

मी पळत नाही. पळणाऱ्याची पिशवी सांभाळते. चालत असेल तर लिहिते.

पुण्याची मॅरेथॉन, डिसेंबरचा पहिला रविवार. ह्यांना सणस मैदानावर सोडलं, तीन तास थंडीत कुडकुडले, मग हे आले ते बुटातला अंगठा काळा करून. रिक्षा मिळेना. मी म्हटलं, चला, केळकर संग्रहालय जवळ आहे, तिथे तरी बसू. (तिथे बसायला फारसं नाही, हे मला माहीत होतं. पण मला जायचं होतं.)

दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, दरवाजे गावोगाव फिरून जमवले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे सगळं उभं केलं. लोक मस्तानी महाल बघायला धावतात, मी अडकित्त्यांपाशी थांबते. त्या दिवशी मात्र हे वज्रीच्या कपाटापुढून हलेनात. पाय घासायची वज्री हो, आजीच्या न्हाणीघरात असायची ती. इथल्या वज्रींच्या पाठीवर पितळेचे पक्षी, घोडे, काय काय. ज्या वस्तूने टाचेची भेग घासायची तिच्यावर कुणीतरी एवढी कलाकुसर केली. हे काचेला नाक लावून म्हणाले, "बघ, लोकांना पायाची किती किंमत होती."

नख पंधरा दिवसांनी गळालं. माझ्याकडे दाखवायला आणलं होतं, काडेपेटीत.

* * *

वज्रीचं वाचून हसले खूप! आमच्याकडे अजून आहे, नळाच्या कट्ट्यावर.

मी सातारची. आमची शर्यत यवतेश्वरच्या घाटात. पहिला अर्धा नुसता चढ, दुसरा अर्धा उतार, आणि गुडघे जातात ते उतारावर, हे बाहेरून येणाऱ्यांना उतरतानाच कळतं. एका वर्षी शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला मैत्रीण म्हणाली औंधला जाऊ. पाय मोकळे करायला यमाईचा डोंगर! टेकडीच्या वाटेवरच भवानी संग्रहालय आहे, १९३८चं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं. मला ते सूर्यनमस्कारांमुळे माहीत होते. शाळेत आमच्याकडून नमस्कार घालून घेतले जायचे त्यामागे हा राजा आहे, एवढंच. तिथे कळलं की राजा स्वतः चित्रं काढायचा, रामायणाचे प्रसंग रंगवायचा. रविवर्म्याची चित्रं आहेत, त्यांच्यासमोर गर्दी असते. मी बाळासाहेबांच्या चित्रांसमोर जास्त थांबले. रविवर्म्याइतकी सफाई नाही त्यांत, उगाच कशाला म्हणू. पण रोज पहाटे नमस्कार घालणारा माणूस रंगवायलाही तसाच नेमाने बसत असणार असं वाटत राहिलं. १९३९ला स्वतःचं राज्य लोकांच्या हाती देणारा हाच. एवढं सगळं एका माणसाला जमतं आणि मला आठवड्यातून चार दिवस उठवत नाही.

यमाईच्या पायऱ्या मी उलट्या उतरले, मागे तोंड करून. गुडघ्यांना तेवढंच बरं पडतं. एका पोराने मोबाइलवर काढलं.

* * *

छोटासा. परळहून पळत भायखळ्याला गेलो, भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायचं ठरवून. १८७२चं, आतलं जुन्या मुंबईचं मातीकाम बघायचं होतं. बुधवार होता. संग्रहालय बुधवारी बंद. राणीची बागही बुधवारी बंद. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीचं नाव एलिफंटा केलं तो आत, वरच्या पहिल्या अनुभवातला घोड्यावरचा राजाही आत, आणि मी गेटाबाहेर घामाघूम. वॉचमन म्हणाला, "उद्या या, पण चालत या."

* * *

अ‍ॅम्स्टरडॅमहून लिहितोय, इथे येऊन नऊ वर्षं झाली.

इथली मॅरेथॉन ऑक्टोबरात असते. सुरुवात आणि शेवट ऑलिंपिक स्टेडियममध्ये. भारताने १९२८ला हॉकीचं पहिलं सुवर्ण याच स्टेडियममध्ये जिंकलं, अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सलाच हरवून. दर वर्षी स्टार्टला शेजारच्या डच माणसाला मी हे सांगतो. दर वर्षी तो "अरे वा" म्हणतो आणि बुटाची नाडी बांधायला वाकतो.

सुरुवातीच्या टप्प्यातच रस्ता राइक्सम्युझियमच्या खालून जातो. म्हणजे इमारतीच्या पोटातूनच कमानींचा बोगदा आहे, एरवी तिथून सायकली जातात आणि वाजवणारे उभे असतात, कारण आवाज छान घुमतो. त्या बोगद्यात हजारो बुटांचा आवाज एकदम येतो. मुसळधार पावसात पत्र्याखाली उभं राहिल्यासारखं.

पळताना दर वेळी वाटायचं, वर रेम्ब्रांट आहे आणि आपण खालून चाललोय. एका वर्षी सोमवारी रजा टाकून वर गेलो, कठडा धरून जिना चढत. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच', निघायच्या तयारीतल्या शहररक्षकांचं चित्र, १६४२चं. चार-साडेचार मीटर रुंद. पुस्तकांत वाचलेलं सगळं दिसलं : कप्तानाच्या हाताची सावली शेजारच्याच्या पिवळ्या कोटावर, कमरेला कोंबडी लटकवलेली मुलगी. पण मी हसलो ते वेगळ्याच कारणाने. एक बंदुकीत दारू भरतोय, एक तिच्याकडे टक लावून बघतोय, ढोलवाला आपल्या नादात, कुत्रा भुंकतोय, प्रत्येक जण वेगळीकडे बघतोय आणि पुढचा म्हणतोय चला. ही आमची स्टार्ट लाइन आहे! घड्याळ लावणारे, पिन शोधणारे, आयत्या वेळी लघवीला पळणारे.

१७१५मध्ये हे चित्र नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडून सर्वांत जास्त. तिथली दोन माणसं गेली. शर्यतीच्या फोटोत मी नेहमी त्याच बाजूला असतो.

* * *

आमचा कुडाळ. पहाटे पिंगुळीच्या रस्त्याला धावतो. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी अडवलं, "काय रे, पाठीक वाघ लागलो काय?"

त्याच रस्त्याला ठाकर समाजाचं कलाआंगण आहे. गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलेलं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणेंना २०२१ला पद्मश्री मिळाली तेव्हा गावाबाहेरच्यांना ते ठाऊक झालं. मी सहा महिने समोरून धावत गेलो, आत गेलो नाही. मग एकदा पाऊस आला म्हणून थांबलो. तेव्हा जुन्या चित्रांची प्रत दाखवायला कुणीतरी पोथी सोडली. पोथीत एकेक चित्र सुटं, समोर धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. सगळ्या माणसांचे डोळे मासोळीसारखे, बाजूने बघणारे. एका पानावर लढाई होती, बाण सुटलेले. सांगणारा पुढचं पान उलटेपर्यंत ते लागत नाहीत. पाऊस कधी थांबला कळलं नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, इतका वेळ धावलंस?

* * *

धागाकर्ता : बुधवारवाल्या मित्राला, गुरुवारी गेलात का ते कळवा. आणि काडेपेटीवाल्या ताई, तेवढं एक विचारायचं होतं : नख अजून आहे की टाकलंत?

* * *

टाकलं. काडेपेटी ठेवलीय.